बेचाळिसावी चूक

बाबा गेल्याला तीन आठवडे होत आले होते तेव्हा काका टेप घेऊन शेडमध्ये आले. बाबांच्या कपाटात केसाची जाडी सांगणारे मायक्रोमीटर होते, पण काकांना सोफे मोजायचे होते. त्यांचं फर्निचरचं दुकान आहे आणि गोदाम कायम अपुरं. मशीनभोवती एक फेरी मारून त्यांनी उसासा टाकला आणि सांगितलं, की हे धूड इथून हललं तर तीन आसनी चौदा सोफे मावतील. उसासा भावासाठी होता, आकडा सोफ्यांसाठी. दोन्ही खरे होते. काका ढोंगी नाहीत. मोकळी होऊ शकणारी जागा दिसली की त्यांना राहवत नाही, एवढंच.

धूड म्हणजे बाबांचं सीएनसी लेथ. साध्या लेथवर कारागीर हातानं चाक फिरवत लोखंड तासतो. सीएनसीवर आकडे लिहायचे, दार लावायचं आणि मशीन त्या आकड्यांप्रमाणे तासतं की नाही ते काचेतून पाहायचं. एकोणीस वर्षं बाबांनी त्यावर मुख्यतः एकच वस्तू केली: पंपात बसणारा पोलादी बुश, म्हणजे आखूड नळी, बाहेरून बत्तीस मिलिमीटर. वीस मायक्रॉन कमी चालेल, जास्त एकही नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शेजारचे शेडवाले बाबांना मायक्रॉनशेठ म्हणत, आणि त्यात थोडी टिंगल असे, कारण बाकीच्या जगाचं मिलिमीटरवर भागतं.

शेडमध्ये बाबांखेरीज एकच माणूस होतं, मावशी. नात्यानं ती आमची कुणी नाही. चौदा वर्षं ती प्रत्येक बुशाच्या कडा घासत आली आणि माप घेत आली. माप घेतलं की ती बसल्या जागेवरून आकडा सांगायची आणि बाबा त्याप्रमाणे मशीनला समज द्यायचे. बटणांना मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. मलाही नाही. कॉलेजात असताना एकदा मी विचारलं होतं, मला शिकवाल का. ते म्हणाले, तू आपली पुस्तकं वाच, इथे बोटं जातात. मी पुस्तकं वाचली. आता एका छापखान्यात मुद्रितं तपासते. दहाही बोटं शाबूत आहेत.

ज्या पंप कंपनीला बुश जात, तिच्या गुणवत्ता अधिकाऱ्याचा फोन आला. माणूस भला होता. आधी दुःख व्यक्त केलं, मग कामाचं सांगितलं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तो स्वतः येणार, सोबत पोलादाचे तीन तुकडे आणणार. त्यातला एक जरी त्याच्यासमोर मापात उतरला तर काम आमच्याकडे राहील, नाही तर दुसऱ्या शेडला जाईल. शिवाय फॉर्मवर 'प्रशिक्षित व्यक्ती' असा रकाना आहे. तिथे नाव हवं आणि नावामागे प्रमाणपत्र हवं. इतकी वर्षं त्या रकान्यात काय लिहायचात, असं मी विचारलं.

"लागू नाही, असं लिहायचो," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांना ते लागू नव्हतं. तुम्हाला लागू आहे."

त्या संध्याकाळी घरी बैठक झाली. काकांचं म्हणणं सरळ होतं: चालवणारा गेला, मशीन म्हणजे आता पांढरा हत्ती, गिऱ्हाईक तयार आहे, वहिनींनी फक्त सही करायची. मी म्हटलं, मी शिकते. काका हसले. "पुस्तकातले काने-मात्रे शोधणं वेगळं, बाई. हे लोखंड आहे. लोखंड माफ करत नाही." मी म्हटलं, मुद्रितंही करत नाहीत. त्यांना तो विनोद वाटला नाही. मलाही वाटला नव्हता.

आई इतका वेळ बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती, आधीच घातलेल्या. ती म्हणाली, "शनिवारी मी सही करीन. कशावर करायची ते शुक्रवारी ठरू दे."

*

दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक पाटी होती: पंधरा दिवसांत सीएनसी प्रोग्रॅमिंग आणि सेटिंग, अगदी पायापासून. संस्थेचे संचालक, प्राचार्य, शिक्षक आणि शिपाई हे सगळे मिळून एकच गृहस्थ होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं, नखं स्वच्छ. बाबांची नखं मी एकदाही तशी पाहिलेली नव्हती, म्हणून पहिल्या दिवशी माझं लक्ष तिथेच गेलं.

वर्गात मशीन नव्हतं. मशीनचं दार मात्र होतं. कुठल्याशा भंगारातून आणलेलं काचेचं सरकतं दार आणि त्याच्या बाजूचं बटणांचं पॅनेल सरांनी भिंतीवर व्यवस्थित बसवून घेतलं होतं. दार सरकवलं की मागे भिंत दिसे, पिस्ता रंगाची. रोज आम्ही ओळीनं उभे राहून दार उघडायचो, बंद करायचो आणि हिरवं बटण दाबायचो. दिवा लागे. खालच्या मजल्यावर नेमकी त्याच वेळी कुणाची दाढ कोरली जात असली तर आवाजाचीही सोय होई. तेव्हा सर बोट वर करून म्हणत, ऐका, वेग जास्त झाला की बरोबर हाच आवाज येतो.

मशीन पुढच्या महिन्यात येणार होतं. गेली आठ वर्षं ते पुढच्या महिन्यात येत होतं. हे मला शेजारी बसणाऱ्या निवृत्त कारकुनानं सांगितलं. तो हा कोर्स दुसऱ्यांदा करत होता. घरी सून त्याला कपडे धुण्याच्या मशीनलासुद्धा हात लावू देत नाही. इथे निदान बटणं दाबता येतात, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. बटणांच्या बाबतीत आमची घरं सारखीच होती.

प्रमाणपत्रं पहिल्याच दिवशी तयार होती, कारण लॅमिनेशनवाला महिन्यातून एकदाच येतो. पी हळद आणि हो गोरी, असं म्हणतात. इथे हळद उगाळायच्या आधीच गोरेपणाचा दाखला प्लॅस्टिकमध्ये बंद झालेला होता. सर तो शेवटच्या दिवशी देणार होते. शिस्तीचे पक्के होते.

विषय मात्र मला आवडला. हे मी कुणाला सांगितलं नाही. मशीनशी ज्या भाषेत बोलायचं ती इतकी कमी शब्दांची होती की आमच्या छापखान्यातल्या निम्म्या लेखकांना ती सक्तीची करावी. जी झिरो म्हणजे न कापता घाईनं जा. जी वन म्हणजे कापत जा, सरळ. जी टू म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळत जा, जी थ्री म्हणजे उलटं. विशेषण नाही, प्रस्तावना नाही, ऋणनिर्देश नाही. शेवटी एम थर्टी: काम संपलं, पहिल्या ओळीवर परत जा. त्या ओळीशी मी थोडी रेंगाळले आणि सर पुढच्या पानावर गेले.

सर व्याख्या सांगत आणि आम्ही लिहून घेत असू. प्रश्न विचारण्याची पद्धत नव्हती, पण कारकुनानं आयुष्यभर फायलींवर शेरे मारले होते, त्याला राहवेना. त्यानं विचारलं, टूलला कसं कळतं की जॉब कुठे आहे? टूल म्हणजे कापणारं हत्यार आणि जॉब म्हणजे कापला जाणारा तुकडा. पंधरा दिवसांत त्या खोलीत विचारला गेलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता.

"ऑफसेटमुळे," सर म्हणाले.

"ऑफसेट म्हणजे?"

"टूलला जॉब कुठे आहे ते कळणं."

कारकुनानं ते लिहून घेतलं. मागच्या वेळच्या वहीतही त्यानं हेच लिहिलेलं होतं. त्यानं ताडून पाहिलं आणि त्याचं समाधान झालं.

सरांच्या नोट्स छापील होत्या, साठ पानांच्या. सवय वाईट, तिसऱ्या दिवसापर्यंत मी त्या तांबड्या पेनानं तपासून काढल्या. एक्केचाळीस चुका निघाल्या. बहुतेक किरकोळ होत्या, पण अठराव्या पानावर जी टू आणि जी थ्री यांची अदलाबदल झाली होती. त्या नोट्सवर विश्वासून कुणी गोल कड करायला गेला असता तर खड्डा पडला असता. मी पानं सरांपुढे ठेवली. त्यांचा चेहरा किंचित उतरला, पण आवाज नाही. "पाचशे विद्यार्थी या नोट्सवर उत्तीर्ण झाले. एकाचीही तक्रार नाही." त्यांपैकी मशीनवर किती जण आहेत, असं मी विचारलं. तो विषय या कोर्सच्या कक्षेत येत नाही, असं ते म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात मी बाबांच्या प्रोग्रॅमची छापील प्रत वर्गात नेली. बुशाचा तोच प्रोग्रॅम, जेमतेम दीड पान. प्रोग्रॅममध्ये कंसात लिहिलेलं मशीन वाचत नाही; ती माणसासाठी सोय असते. बाबांनी तिथे रोमन मोठ्या अक्षरांत मराठी लिहून ठेवली होती, स्वर गाळून, जागा वाचवून, त्यामुळे मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनाही ती सहज लागत नव्हती. सगळ्यात वर होतं 'आधी चहा'. मध्ये एका ठिकाणी 'इथे घाई नको'. शेवटच्या कापाआधी 'मावशीला विचार'. सरांनी ते तिन्ही शेरे लाल पेनानं खोडले. प्रोग्रॅममध्ये घरगुती मजकूर असू नये, मशीन काही ते वाचत नाही, असं ते म्हणाले. मी प्रत घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. वाचणारं मशीनच असतं असं नाही, असं म्हणण्याची ती जागा नव्हती.

परीक्षा तोंडी होती. सरांनी विचारलं, सेटिंगची पहिली पायरी कोणती? पान बावीस मला पाठ होतं. मी म्हटलं, सेटिंग सुरू करण्यापूर्वी मशीनमधील सर्व ऑफसेट शून्य करावेत. सर प्रसन्न झाले. प्रमाणपत्र मिळालं, आणि त्यावर माझं नाव बरोबर छापलेलं होतं. ती त्या संस्थेतली मला भेटलेली पहिली बिनचूक गोष्ट.

*

बुधवारी सकाळी मी शेड उघडलं. मावशी नळावर गेली होती. मी मशीन सुरू केलं, पडदा उजळला. आमच्या वर्गातल्या दारामागे भिंत होती. या दारामागे तीन टूलं आणि तुकडा पकडणारे जबडे होते, आणि तेलाचा वास होता. तो बाबांच्या सदऱ्यांना यायचा तोच. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. पान बावीस उघडलं आणि पहिल्या पायरीला लागले. पडद्यावर ऑफसेटचं पान आणलं. आकड्यांच्या रांगा होत्या. एकेका टूलपुढे मोठे आकडे, आणि शेजारच्या पानावर झिजेसाठीचे बारीक आकडे. दोन नंबरच्या टूलपुढे उणे अडतीस मायक्रॉन. मी सगळे शून्य केले. मशीननं दोनदा विचारलं, नक्की का, आणि मी दोनदा हो म्हटलं.

मावशी बादली घेऊन आत आली, पडद्याकडे बघून तिनं बादली खाली ठेवली.

"अडतीस कुठे गेले?"

मी म्हटलं, शून्य केले. तशी पद्धत आहे.

तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "शेवटचे सहा त्या मंगळवारी टाकले होते. मी म्हटलं, दादा, सहा जास्त येताहेत. त्यांनी सहा वाढवले आणि अडतीस झाले. बुधवारी ते आलेच नाहीत."

मी पडद्याकडे पाहिलं. शून्यं व्यवस्थित एकाखाली एक होती. छापखान्यात आम्ही अशा रांगेला सुबक म्हणतो.

अडतीस परत टाकून उपयोग नव्हता, हे मावशीनंच मला समजावलं; सरांच्या पंधरा दिवसांत जे कळलं नाही ते तिनं पाटावर बसून पाच मिनिटांत सांगितलं. मशीन आंधळं असतं. टूलचं नाक कुठे आहे हे त्याला एकदा हात धरून दाखवावं लागतं. तो मोठा आकडा. मग टूल झिजत जातं, तसं थोडं थोडं सुधारून सांगायचं. तो बारीक आकडा. अडतीस हे बाबांनी हात धरून दाखवलेल्या जागेवरचे अडतीस होते. ती जागाच पुसली, तर अडतीस हवेत.

सरांच्या नोट्समधल्या एक्केचाळीस चुका मी काढल्या होत्या. ही बेचाळिसावी होती आणि ती मी पाठ केली होती. नव्या, कोऱ्या मशीनवर ते वाक्य निरुपद्रवी असेल. चालत्या मशीनवर ते म्हणजे पुस्तक पुढे वाचण्याआधी पहिली तीनशे पानं फाडणं. पण वाक्य शुद्ध होतं. कर्ता, कर्म, विध्यर्थ, पूर्णविराम, सगळं जागच्या जागी. माझ्या हातून ते त्यामुळेच निसटलं.

काका दुपारी डोकावून गेले. काय झालं ते मावशीनं त्यांना सांगितलं नाही. त्यांनी दाराची रुंदी तेवढी पुन्हा एकदा मोजली.

*

गुरुवारी मी विचारलं, बाबा नाक कसं दाखवायचे? मावशी म्हणाली, आधी कागद लावायचे. तिनं खालच्या खणातून एक चपटी डबी काढली. झाकणावर बाबांच्या अक्षरात चाळीस असा आकडा होता. आत पातळ कागदाच्या पट्ट्या होत्या, करंगळीएवढ्या.

कागद मी ओळखला. आमच्याकडे शब्दकोश छापले जातात, त्यांचा कागद. बरीच वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी बाबा मला विचारत, तुमच्याकडे त्या पातळ कागदाची कात्रणं निघतात का, आणि मी मूठभर आणून देत असे. ते चष्मा पुसायला वापरतात, असं मी धरून चालले होते. एका पट्टीवर छपाईचा काठ आला होता. अर्धा शब्द आणि पानाच्या आकड्यातला सात. मायक्रोमीटरमध्ये धरून पाहिली. चाळीस मायक्रॉन, बरोबर.

म्हणजे त्या प्रत्येक बुशाच्या मापाच्या मुळाशी माझ्या छापखान्याचा कागद होता. त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही कधी चष्म्याचं विचारलं नाही.

रीत सोपी आणि किचकट होती. थांबलेल्या जॉबवर पट्टी धरायची, ती हलवत राहायची आणि दुसऱ्या हातानं पॅनेलवरच्या छोट्या चाकाचा एकेक खटका देत टूल जवळ आणायचं. पट्टी सरकते, सरकते, आणि एका खटक्याला अडते. तिथे टूलचं नाक जॉबपासून चाळीस मायक्रॉनवर असतं. ते मशीनला सांगायचं. मग थोडं कापायचं, मोजायचं आणि मशीनला पुन्हा सांगायचं. पहिल्या दोन पट्ट्या फाटल्या. एका टूलचं टोक मी उडवलं. मावशीनं ते झाडूनं गोळा केलं आणि म्हणाली, दादांनी पहिल्या वर्षी अकरा उडवली होती. हे मला नवीन होतं. घरी आम्हाला ते जन्मापासून मायक्रॉनशेठ असल्यासारखेच माहीत होते.

भंगारातल्या दांड्यांवर दिवसभर बुश काढत राहिले. मावशी माप घ्यायची आणि आकडा सांगायची, पूर्वी सांगायची त्याच सुरात. चाळीस जास्त. बारा जास्त. पाच कमी. संध्याकाळी साडेपाचला बुश एकतीस पूर्णांक नऊशे नव्वद निघाला, म्हणजे चालणाऱ्या मर्यादेच्या अगदी मधोमध. पुढचाही तसाच. तिसराही. दोन नंबरच्या टूलपुढे तेव्हा उणे एक्केचाळीस होतं. त्यांचे अडतीस, माझे एक्केचाळीस. मी मशीन बंद केलं.

*

शुक्रवारी दहाला अधिकारी आला. त्याच्या आधी काका आले होते, आणि काकांच्याही आधी सर. सरांना कुणी बोलावलं नव्हतं. पुढच्या तुकडीच्या जाहिरातीसाठी त्यांना 'आमची विद्यार्थिनी चालू मशीनसह' असा फोटो हवा होता. मशीनमध्ये टूल गार ठेवणाऱ्या कूलंटचा पांढरा फवारा सुटला तेव्हा ते दोन पावलं मागे सरले आणि मावशीला हळूच विचारलं, यात पाणी असतं का? दारामागे काही असण्याची त्यांना सवय नव्हती.

अधिकाऱ्यानं तीन तुकडे टेबलावर ओळीनं ठेवले आणि स्वतःचा मायक्रोमीटर काढला. मी पहिला तुकडा जबड्यात धरला, दार लावलं, बटण दाबलं. काल संध्याकाळी तीन वेळा मापात आलेला प्रोग्रॅम, तीच टूलं, तेच आकडे. बुश बाहेर आला. अधिकाऱ्यानं तो पुसला, मोजला, पुन्हा मोजला.

"बत्तीस पूर्णांक शून्य शून्य आठ," तो म्हणाला. "आठ मायक्रॉन जास्त. नापास."

काल संध्याकाळपासून अठरा मायक्रॉनचा फरक, आणि मी कशालाही हात लावलेला नव्हता. काका हळूच म्हणाले, केसाएवढंसुद्धा नाही ना हो ते? अधिकारी म्हणाला, पंपाला केस नसतात. सर पुढे झाले. त्यांना अखेर त्यांच्या कक्षेतला विषय सापडला होता. "सोपं आहे. ऑफसेटमध्ये अठरा टाका. एक्केचाळीसचे एकोणसाठ करा." नोट्समध्ये पान चोवीसवर तसंच होतं, आणि ते वाक्यही शुद्ध होतं.

माझं बोट पडद्यापर्यंत गेलं. तुकडे दोन उरले होते. मावशीनं सांगितलेल्या हिशेबानंही अठरा टाकणं बरोबर दिसत होतं. जास्त आलं की वाढवायचं. पण ती गप्प होती. चौदा वर्षं जास्तीचा आकडा सांगणारी बाई जास्तीचा आकडा ऐकून गप्प बसली होती. मी पर्समधून प्रोग्रॅमची घडी काढली. सरांनी खोडलेला तिसरा शेरा वाचला आणि तसं केलं.

"मावशी, काय करू?"

"दादा सकाळचा पहिला तुकडा कधी मोजतच नसत," ती म्हणाली. "आल्या आल्या मशीन रिकामं फिरत ठेवायचे आणि चहा करायचे. माझाही. पिऊन, पेपर वाचून मग कामाला. गार मशीनवर भरवसा नाही, म्हणायचे. काल तू दिवसभर त्याच्याशी झटत होतीस, ते तापलेलं होतं. रात्रभर निवलं."

प्रोग्रॅमची पहिली ओळ लाल रेघेखालून स्वच्छ दिसत होती.

एक्केचाळीसला मी हात लावला नाही. दारामागे काही न ठेवता मशीन चालू केलं आणि अधिकाऱ्याला म्हटलं, पस्तीस मिनिटं लागतील, चहा घ्या. त्यानं घड्याळ पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे हात टेकले असं. सर म्हणाले की ही पायरी अभ्यासक्रमात नाही. मी कोपऱ्यातल्या शेगडीवर पातेलं ठेवलं. कप पाच निघाले, त्यातल्या एकाला कान नव्हता. तो बाबांचा, असं मावशी म्हणाली, म्हणून तो मी घेतला.

पस्तीस मिनिटं पाच माणसं एका रिकाम्या फिरणाऱ्या मशीनपुढे बसली होती. काका सवयीनं भिंतीकडे बघत होते. अधिकाऱ्यानं फॉर्मचे सगळे रकाने भरून टाकले, निकालाचा सोडून. सर हळूच म्हणाले की पहिल्यांदा चालू मशीन इतक्या जवळून... आणि वाक्य त्यांनी चहात बुडवलं. मला त्या क्षणी ते आवडले. आठ वर्षं भिंतीवरचं दार उघडून रोज भिंतच पाहणाऱ्या माणसाच्या चिकाटीला नावं ठेवायला माझ्याकडे तसं काय होतं? मीही एकोणीस वर्षं हे दार बाहेरूनच पाहिलं होतं.

मग दुसरा तुकडा धरला. बुश बाहेर आला. अधिकाऱ्यानं पुसला, मोजला आणि तिसरा तुकडा माझ्या हातात दिला. तोही मोजला. दोन्ही बुश शेजारी शेजारी ठेवले.

"एकतीस नऊशे एक्क्याण्णव. एकतीस नऊशे नव्वद." त्यानं निकालाच्या रकान्यात बरोबरची खूण केली.

सरांनी फोटो काढला. त्यात दार आलं आणि मावशीचा खांदा आला; मी आले नाही, कारण मी कप विसळत होते.

जाण्याआधी अधिकाऱ्यानं कार्यपद्धतीचं पान माझ्यापुढे सहीसाठी धरलं. 'पायरी एक: मशीन सुरू केल्यानंतर पस्तीस मिनिटे तापमान स्थिरीकरण करावे.' मी वाचलं. चूक नव्हती. सवयीनं दुसऱ्यांदा वाचलं आणि मग पान मावशीकडे दिलं आणि विचारलं, बरोबर आहे का. तिनं ते हात लांब करून, सावकाश वाचलं.

"यात चहा नाही," ती म्हणाली.

चहाला रकाना नाही, असं अधिकारी म्हणाला. मग त्यानं पान परत घेतलं आणि समासात शिसपेन्सिलनं काहीतरी बारीक लिहिलं. काय ते मी पाहिलं नाही.

आईनं शनिवारी कंपनीच्या कागदावर सही केली, चष्मा न लावता. काकांनी मशीनच्या मागचा कोपरा मोजून घेतला आहे. तिथे चार सोफे उभे राहतील, म्हणतात. मी हो म्हटलंय. बेचाळिसावी चूक मी सरांना पत्रानं कळवली. पुढच्या आवृत्तीत घेऊ, असं त्यांचं उत्तर आलं. कारकून तिसऱ्यांदा नाव घालणार होता. त्याला मी सांगून ठेवलंय, सोमवारी सकाळी इकडे या, बटण दाबायला मिळेल. पण आधी पस्तीस मिनिटं बसावं लागेल, आणि कप स्वतःचा आणावा.